पाचांतला एकच उरला

आपण नकाशा उघडू. हिंदी महासागरात, जावाच्या दक्षिणेला, ख्रिसमस बेट आहे. ते ऑस्ट्रेलियाचे आहे. पिलांना दूध पाजणारे पाच प्राणी तेथले मूळचे. जगात दुसरीकडे ते कोठेच नव्हते.

१८८८ साली माणसे राहायला आली. खताचा दगड खणू लागली. १९०० च्या सुमारास जहाजांतून काळे उंदीर उतरले. त्यांच्याबरोबर रोग आला. बेटावरच्या उंदरांच्या दोन्ही जाती संपल्या. लहान वटवाघूळ २००९ साली शेवटचे आढळले. चिचुंद्रीची जात संपल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

आता उरले मोठे वाघूळ. तेही धोक्यात आहे. ते फळे खाते, बिया लांबवर टाकते. त्यातून रान वाढते. तेही गेले, तर बिया कोण पेरणार? गेलेली जात पैशाने परत मिळत नाही. म्हणून आम्ही सांगतो, आहे तोवर जपा.