किल्ल्यांचा जुडगा

आमच्या गावी नारळ पाडावयास पाडेली आला, म्हणजे त्याच्यासाठी बागेचे फाटक उघडून देतात. घरातील पेटीच्या किल्ल्या कोणी त्याच्या हाती देत नाही. तो अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. त्याच्या कामास त्या लागतच नाहीत, म्हणून. विद्यार्थिमित्रहो, ही साधी गोष्ट शाळेच्या संगणकापुढे बसताना मला मात्र सुचली नाही.

ग्रंथालयाची पुस्तकसूची सर्व वर्गांतून पाहता यावी, म्हणून मी लिनक्सवर एक सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांनी मागितलेली पाने त्यांस पुरविणारा प्रोग्राम, चालू केला. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम कोणा तरी वापरकर्त्याच्या नावाने चालतो, आणि त्या वापरकर्त्याचे जे अधिकार, तेच प्रोग्रामचे. त्यांत 'रूट' हा सर्वाधिकारी. त्याचा क्रमांक 0. कोणतीही फाईल तो वाचू शकतो, बदलू शकतो, पुसूही शकतो. माझा सर्व्हर चालला तो ह्या रूटच्याच नावाने. सुरक्षित जोडणीविना ब्राउझर पाने मागतो ती सामान्यतः 80 क्रमांकाच्या पोर्टवर, आणि 1024 च्या खालचे पोर्ट उघडण्याचा अधिकार युनिक्सच्या जुन्या वहिवाटीप्रमाणे रूटकडे असतो. हे कारण खरेच. पण आळस हेही एक कारण होते, ते लपवीत नाही.

एके दिवशी दहावीतील एका विद्यार्थिनीने, पत्त्यात जेथे पानाचे नाव येई तेथे, दोन टिंबे व तिरकी रेघ ही जोडी अनेकदा लिहून पाहिली. त्या खुणेचा अर्थ 'एक पायरी वर जा'. पायऱ्या चढत चढत ती 'शॅडो' नावाच्या फाईलपर्यंत पोहोचली. त्या फाईलमध्ये वापरकर्त्यांच्या परवलीच्या शब्दांचे सांकेतिक ठसे असतात. "सर, हे मला दिसावयास नको होते ना?" असे विचारीत ती आली, हे शाळेचे भाग्य.

मग मी 'सूची' नावाचा नवा वापरकर्ता निर्माण केला. त्याच्या नावाने कोणास लॉगिन करता येत नाही. पुस्तकांच्या फाइली तो केवळ वाचू शकतो. लिहू शकतो फक्त देवघेवीच्या नोंदींच्या फोल्डरमध्ये. सर्व्हर त्याच्या नावाने 8080 ह्या पोर्टवर बसविला. 80 हाच पोर्ट हवा असेल, तर अपाचे सर्व्हरची रीत पाहण्यासारखी आहे: तो रूट म्हणून सुरू होऊन पोर्ट उघडतो, पण बाहेरून आलेल्या मागण्या हाताळण्याचे काम अल्पाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या दुय्यम प्रक्रियांवर सोपवितो. आता तर केवळ पोर्ट उघडण्यापुरताच अधिकार वेगळा काढूनही देता येतो.

त्याच मुलीस पुन्हा प्रयत्न करावयास सांगितले. 'शॅडो' मागताच नकार आला. परंतु 'पासडब्ल्यूडी' ही फाईल, जी वाचण्याची मुभा सर्वांनाच असते, ती उघडलीच! प्रोग्राममधील मूळ दोष कायम होता. खुंटली होती ती त्याची झेप. दोष काढण्यास आणखी दोन दिवस लागले. दरम्यान सर्व शिक्षकांना परवलीचे शब्द बदलावे लागले. मुख्याध्यापकांना दोनदा, कारण पहिला ते विसरले.