तापलेले शरीर निववावे कसे?

उन्हाळ्याच्या दिवसांत मैदानावरील तास संपवून मुले वर्गात येतात, तेव्हा एरवी बिनचूक येणारा गुणाकार चुकतो, अक्षर बिघडते, सांगितलेले ध्यानात राहत नाही. आपण यास आळस म्हणतो. पुष्कळदा हा दोष मुलाचा नसून तापलेल्या शरीराचा असतो.

निरोगी शरीराचे अंतर्गत तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. श्रमाने व उन्हाने ते वाढू लागले म्हणजे त्वचेकडे अधिक रक्त धावते व घाम सुटतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता नेतो. नुसताच ओघळून गेला तर हा लाभ होत नाही. म्हणूनच दमट हवेत त्रास अधिक. अशा अवस्थेत सरावाची सोपी कामे बऱ्यापैकी होतात. परंतु सलग लक्ष देण्याची व दोन-तीन गोष्टी एकदम मनात धरण्याची कामे आधी ढासळतात.

शरीर निवविण्याचे उपाय सारख्याच गुणाचे नाहीत.

१. तोंडावर पाणी मारणे, डोक्यावर ओला रुमाल ठेवणे : याने तत्काळ हुशारी वाटते, पण आतील तापमान फारसे उतरत नाही. ‘गुरुजी, आता बरे वाटते,’ एवढ्यावर मुलास पुन्हा पळावयास सोडू नये.

२. सावलीत बसवून अंग ओले करणे व वारा घालणे : कोरड्या हवेत हा उपाय उत्तम. सोबत पिण्यास पाणी द्यावे.

३. हात कोपरापर्यंत गार पाण्यात ठेवणे : तळहातांतून उष्णता त्वरेने बाहेर पडते. अग्निशामक जवानांसाठीही ही रीत वापरतात. दहा ते वीस मिनिटे पुरेत. मात्र बर्फासारख्या थंड पाण्याने बोटे ताठरतात. लेखन वा चित्रकला लगेच देऊ नये.

४. मानेपर्यंत गार पाण्यात बसविणे : हा सर्वांत जलद उपाय, परंतु तो संकटसमयीचा आहे.

ते संकट म्हणजे उष्माघात. मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले वा बेशुद्ध पडले, तर क्षणही दवडू नये. कोणीतरी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. इतरांनी मुलास सावलीत नेऊन सर्वांगावर गार पाणी ओतीत राहावे व वारा घालावा. वाहन येईतो थांबू नये. शुद्ध नसता तोंडात पाणी घालू नये व मुलास एकटे सोडू नये.

वर्गात हा पाठ प्रयोगाने शिकविता येईल. एक हात ओला व एक कोरडा ठेवून दोहोंवर वारा घालावा. बाष्पीभवन म्हणजे काय ते मुले स्वतःच सांगतील. पुढे जोडीने पट्टी पकडण्याचा खेळ घ्यावा. एकाने उभी पट्टी अवचित सोडावी, दुसऱ्याने चिमटीत धरावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर सुमारे ०.२ सेकंद लागला. खेळाच्या तासापूर्वी, तासानंतर व सावलीतील विश्रांतीनंतर प्रत्येकी पाच वेळा मोजून सरासरी काढावी आणि फळ्यावर मांडावी. या प्रयोगासाठी मुलांना मुद्दाम उन्हात उभे करू नये, हे सांगणे नलगे.

वेळापत्रक आखताना एवढे स्मरावे : खेळाचा तास सकाळी आधी घ्यावा, त्यानंतर पाणी व सावली द्यावी, आणि गणिताची चाचणी मुलांची अंगे निवल्यावरच घ्यावी. निवलेल्या मुलाची चूक सुधारता येते; तापलेल्या मुलाला चुकीबद्दल शिक्षा करणे हा अन्याय होय.