समुद्रात पवनचक्क्या : डेन्मार्कच्या मच्छीमारांना काय मिळालं, काय गेलं



गुजरातसमोर समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहणार, ही गोष्ट जेटीवर अधूनमधून निघते. कोण म्हणतं, मासेमारी बंद होणार. कोण म्हणतं, खांबांना मासे लागतात, उलट फायदाच. दोन्ही बोलणी ऐकीव. ज्या देशाने हे काम जगात सर्वांत आधी केलं, त्या डेन्मार्कमध्ये काय घडलं ते आज नीट समजून घेऊ.

तेलाचा दणका

१९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं. तेव्हा डेन्मार्कची जवळजवळ ९० टक्के ऊर्जा बाहेरून आणलेल्या तेलावर चालायची. रविवारी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी करावी लागली. डिझेल महागलं की बोट जेटीला का बांधून राहते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. तिथे अख्खा देशच तसा बांधला गेला होता.

पर्याय शोधायला आधी पुढे आले ते सुतार, लोहार आणि शेतीची अवजारं बनवणारे कारागीर. व्हेस्टास ही आज जगातल्या सर्वांत मोठ्या पवनचक्की कंपन्यांपैकी एक. तिची सुरुवात लेम नावाच्या गावातल्या लोहाराच्या भट्टीपासून झाली. १९७९ मध्ये तिने पहिली पवनचक्की विकली. १९८५ मध्ये तिथल्या संसदेने अणुवीज नको असं ठरवलं आणि वाऱ्याकडे जास्त लक्ष गेलं. आज डेन्मार्कच्या विजेतला साधारण निम्मा वाटा वाऱ्याचा आहे.

जमिनीवरून पाण्यात

समुद्रावर वारा जोरात आणि सलग वाहतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. १९९१ मध्ये लोलांड बेटाजवळ व्हिंडेबी इथे जगातला पहिला समुद्री पवनप्रकल्प झाला. ११ चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या. सगळ्या मिळून जेमतेम ५ मेगावॅट. आज बनणारी एकच मोठी चक्की याच्या दुपटीहून जास्त वीज देऊ शकते.

२००२ मध्ये देशाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, खुल्या उत्तर समुद्रात हॉर्न्स रेव्ह हा ८० चक्क्यांचा, १६० मेगावॅटचा प्रकल्प आला. तिथे लोखंडी नळीसारखे जाड खांब तळात ठोकले, बुडाशी दगड टाकले आणि खांबाखांबांमधून विजेच्या केबल तळातून नेल्या. खाऱ्या हवेने आणि वादळाने नवीन यंत्रांचा कस लागला. दोनच वर्षांत सगळ्या चक्क्यांची यंत्रं उतरवून दुरुस्तीला किनाऱ्यावर आणावी लागली. दर्या कोणाला फुकट शिकवत नाही.

तेल कंपनी वारा विकू लागली

डाँग एनर्जी ही सरकारी कंपनी उत्तर समुद्रातलं तेल आणि वायू यांसाठी काढलेली. २००९ च्या सुमारास तिने ठरवलं की ८५ टक्के कोळसा-तेल-वायू आणि १५ टक्के हरित ऊर्जा हे प्रमाण उलटं करायचं. २०१७ मध्ये तिने तेल-वायूचा धंदा विकून टाकला आणि वीज व चुंबक यांचं नातं शोधणाऱ्या डॅनिश शास्त्रज्ञाचं नाव घेतलं : ओर्स्टेड. निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा अजून सरकारकडेच आहे. समुद्री पवनऊर्जेतली ती जगातली आघाडीची कंपनी झाली.

पण सगळं गोड नाही. २०२३ मध्ये खर्च वाढल्याने तिने अमेरिकेतले दोन मोठे प्रकल्प सोडून दिले आणि मोठा तोटा सोसला. डेन्मार्क सरकारने स्वतःच्या उत्तर समुद्रातल्या ३,००० मेगावॅटसाठी काढलेल्या निविदेची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपली, तर एकही कंपनी पुढे आली नव्हती. कंपनी कितीही मोठी असो, हिशोब जमला नाही की ती जाते. म्हणून तिच्याशी जे ठरेल ते तोंडी ठेवून चालत नाही.

चक्कीत लोकांचा हिस्सा

आपल्यासारख्या सहकारी माणसांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट कोपनहेगनसमोर आहे. मिडेलग्रुंडेन हा तिथला उथळ भाग. २००० साली तिथे २० चक्क्या उभ्या राहिल्या, ४० मेगावॅटच्या. निम्म्या चक्क्या शहराच्या वीज कंपनीच्या आणि निम्म्या एका सहकारी संस्थेच्या! साडेआठ हजारांहून जास्त सभासदांनी मिळून ४०,५०० भाग विकत घेतले. आधी २७ चक्क्या तीन रांगांत लावायचा बेत होता. लोकांनी सुनावणीत हरकत घेतली, म्हणून २० चक्क्यांची एक कमानदार रांग झाली. ज्याचा हिस्सा असतो त्याचं ऐकलं जातं, ते असं.

पुढे २००८ च्या कायद्याने नव्या प्रकल्पात किमान २० टक्के हिस्सा आसपासच्या रहिवाशांना देऊ करणं कंपन्यांना बंधनकारक झालं. नंतर तो नियम बदलला, पण बरीच वर्षं तो चालला.

आता मच्छीमारांचं काय झालं?

आधी माशांचं बघू. हॉर्न्स रेव्ह सुरू झाल्यावर सात वर्षांनी शास्त्रज्ञांनी तिथे पुन्हा पाहणी केली. मासे पळून गेले नव्हते. बुडाच्या दगडांजवळ, खडकात राहणाऱ्या जातींचे मासे वाढले होते. म्हणजे खांबांना मासे लागतात हे खरं आहे. पण खांब ठोकताना पाण्यात होणारा दणदणाट मासे आणि डॉल्फिनसारखे प्राणी दूर पळवतो, हेही तितकंच खरं.

पण मासे असणं वेगळं आणि ते धरता येणं वेगळं. डेन्मार्कच्या नियमाप्रमाणे समुद्रातल्या केबलच्या दोन्ही बाजूंना २०० मीटरपर्यंत नांगर टाकायला आणि तळ ओढणारं ट्रॉल चालवायला मनाई आहे. चक्क्यांच्या रांगांमध्ये केबलचं जाळंच असतं. तेव्हा ट्रॉलरवाल्याला तो पट्टा गेल्यातच जमा. गळवाला किंवा लहान जाळीवाला नियमात बसला तर थोडाफार तगतो.

म्हणूनच तिथल्या मासेमारी कायद्यात भरपाईची तरतूद आहे. काम सुरू होण्याआधी कंपनीने त्या भागात मासेमारी करणाऱ्यांशी बोलणी करायची, नुकसान ठरवायचं. बोलणी मच्छीमारांच्या संघटनेमार्फत होतात, एकेकट्याने नाही.

आता मुख्य मुद्दा. नुकसान ठरतं कशावर? कागदावर. लॉगबुक, मासे विकल्याची नोंद, बोटीवरच्या उपग्रह यंत्राची नोंद. युरोपात उपग्रह यंत्राची सक्ती १२ मीटर आणि त्याहून मोठ्या बोटींना होती, लॉगबुकची साधारण १० मीटरपासून. त्याखालच्या बोटी नकाशावर दिसतच नव्हत्या. बापजाद्यांपासून ज्या जागी मासे मारले, ती जागा कागदावर रिकामी! आणि रिकाम्या जागेला कोण भरपाई देणार?

अजून एक गोष्ट. व्हिंडेबीच्या चक्क्या २५ वर्षांनी थकल्या, तेव्हा २०१७ मध्ये त्या कंपनीने स्वतः काढून नेल्या, तळातला काँक्रीटचा पाया फोडूनसुद्धा. हे आधी ठरलेलं नसतं तर उरलेल्या अवशेषांत जाळी फाटली असती ती मच्छीमारांची.

आपल्याकडे कुठवर आलंय?

भारताचं समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५ चं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली : गुजरात आणि तमिळनाडूसमोर प्रत्येकी ५०० मेगावॅट. गोवा आणि कोकण या पहिल्या टप्प्यात नाहीत. पण सल्ल्याला भारतासोबत डेन्मार्कच आहे. दोन्ही देशांचं त्यासाठीचं केंद्र २०२१ मध्ये सुरू झालं. तेव्हा तिथली चांगली पद्धत इथे मागायला आपल्याला आधार आहे.

आज करण्यासारखं

१. बोट लहान असली तरी वही ठेवा : तारीख, कुठल्या बाजूला गेलो, किती वाव पाणी, कुठली मासळी, किती किलो. जीपीएस असेल तर जाळं टाकल्याची जागाही टिपा.

२. संस्थेत मासळी घातल्याच्या पावत्या, डिझेलची बिलं, नोंदणी आणि परवाना एका पिशवीत जपून ठेवा. मोबाईलवर फोटोही काढा.

३. रापणकारांनी आणि होडीवाल्यांनी आपल्या जागांची नावं एकत्र बसून लिहून काढावीत. ती नावं म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत, सरकारी नकाशात नाहीत.

४. कधी जनसुनावणी लागली तर संस्थेमार्फत, एका आवाजात आणि लेखी बोला. चार गोष्टी विचारा : केबल कुठून जाणार, मासेमारी कुठे चालणार, हिस्सा किती, आणि शेवटी खांब कोण काढणार.

वाऱ्याच्या विजेला आपला विरोध असण्याचं कारण नाही. वाऱ्यावरच तर आपल्या जुन्या शिडाच्या होड्या चालल्या. पण चक्की उभी राहील त्या पाण्यात आधीपासून कोण होतं, हे सांगणारी वही आपल्या हातात असू दे. पावसाळ्याची बंदी लागते तेव्हा जाळी विणता विणता घरच्या पोरांना बसवून पहिलं पान लिहायला घ्या.