गुळाचे व्हिनेगर घरी: पहिल्या बरणीचा खर्च आणि पुढचा हिशेब

किराणा दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या, स्वस्त व्हिनेगरच्या बाटलीवरची बारीक अक्षरे एकदा वाचून बघा. तिथे बहुतेक वेळा ‘सिंथेटिक’ असा शब्द असतो. म्हणजे ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी, आंबवलेले काहीच नाही. ते साधारण शंभर रुपये लिटरच्या आसपास पडते. खरोखर आंबवलेले, ‘मदर’सह (म्हणजे वर धरणाऱ्या चिकट सायीसह) मिळणारे सफरचंदाचे व्हिनेगर घ्यायला जावे तर अर्ध्या लिटरलाच साडेतीनशे-चारशे रुपये. आणि आपण राहतो कुठे? शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून गुळाच्या व्यापारावर वाढलेल्या गावात. व्हिनेगरला लागणारी साखर इथे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चवदार रूपात दारात आहे.

गूळ की उसाचा रस, हा पहिला प्रश्न. रसाची चव उजवी, पण बिनबर्फाचा, आले-लिंबू न घातलेला रस लिटरला साठ-सत्तर रुपये पडतो. शिवाय तो तासाभरात बिघडायला लागतो आणि उशीर झाला तर बुळबुळीत तार धरतो. गूळ बारा महिने मिळतो. एक लिटर पाण्याला दीडशे ग्रॅम गूळ लागतो, म्हणजे साठ रुपये किलोच्या भावाने नऊ रुपये. पहिल्यांदा करताय तर गूळच घ्या.

पण कुठला गूळ, इथेच खरी मेख आहे. रंग उजळावा म्हणून काही गुऱ्हाळांत काहिलीत हायड्रोस पावडर टाकतात. त्यातला गंधकाचा अंश यीस्टला वाढू देत नाही. पिवळाधमक, देखणा रवा घेतला तर बरणी आठवडाभर ढिम्म बसून राहण्याची शक्यता मोठी. गडद तपकिरी, बिनरसायनाचा गूळ मागा. तो किलोला दहा-वीस रुपयांनी महाग असेल, पण ही बचत करण्याची जागा नव्हे. काकवीही चालते, मात्र ती पातळ असल्याने थोडी जास्त घ्यावी लागते.

गूळ आंबवायला लागते रानटी यीस्ट, म्हणजे फळांच्या सालीवर मुळातच असलेले यीस्ट. एप्रिल-मेमध्ये राधानगरी, गगनबावड्याकडून येणारी करवंदे आणि पुढे जांभळे यासाठी उत्तम. एरवी काळे मनुके, पन्नास ग्रॅम, वीस-पंचवीस रुपयांचे. पिवळे-हिरवे बेदाणे टाळा. त्यांनाही रंगासाठी गंधकाची धुरी दिलेली असू शकते. उकळून पूर्ण गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात मनुके आणि चमचाभर गूळ घालून बाटली सावलीत ठेवायची, दिवसातून दोन-तीनदा हलवायची आणि प्रत्येक वेळी झाकण सैल करून हवा सोडायची. तीन ते पाच दिवसांत मनुके वर तरंगतात, फेस येतो, पावासारखा फळाळ वास सुटतो. वर केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली तर सगळे ओतून द्या. वरची बुरशी काढून उरलेले वापरू नका. ज्यांना एवढी वाट बघायची नाही त्यांनी बेकरीचे कोरडे यीस्ट पाव चमचा घालावे. ते हमखास काम करते, पण चव जरा सपाट येते.

आता बरणी. तीनशे ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून, उकळून, मळी काढून, गाळून दोन लिटर करा. पूर्ण गार झाल्यावर त्यात वाटीभर यीस्टचे पाणी घाला. बरणी वर चतुर्थांश रिकामी ठेवा आणि झाकण नुसते टेकवा. घट्ट लावले तर आतल्या वायूने काच फुटू शकते. सात ते दहा दिवसांत फसफस थांबते आणि गोडी जाते.

या क्षणी बरणीत सुमारे सहा टक्के मद्यार्क असतो, हे विसरू नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना दारू तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे या टप्प्यावर थांबू नका, साठवू नका, पिऊ नका. मनात शंका असेल तर बरणी लावण्याआधीच राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारून घ्या. विकायचा बेत असेल तर हे विचारणे आणि अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी, दोन्ही आवश्यक.

गाळ तळाशी सोडून वरचे पाणी रुंद तोंडाच्या बरणीत ओता आणि त्यात अर्धा लिटर ‘मदर’वाले व्हिनेगर मिसळा. पहिल्या खेपेचा मोठा खर्च हाच. तो टाळायचा मोह होतो, पण या आम्लामुळेच बुरशी दूर राहते. आधी हवा नको होती, आता हवाच हवी. मद्यार्काचे आम्ल करणारे जिवाणू हवेशिवाय काम करत नाहीत. म्हणून तोंडाला दुहेरी मलमल घट्ट बांधा, नाहीतर चिलटे आत शिरतात. काच किंवा लोणच्याची चिनी मातीची बरणीच घ्या. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम अजिबात नको. अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात दीड ते अडीच महिने ठेवा. थंडीत जास्त वेळ लागतो. वर पांढरट, चिकट, जाड साय धरते, ती मदर. तिला हात लावू नका.

हिशेब असा. गूळ वीस रुपये, मनुके पंचवीस, व्हिनेगर चारशे, मलमल चाळीस. बरण्या घरात असतील तर पावणेपाचशे-पाचशे. तीन लिटरच्या दोन नव्या घेतल्या तर आणखी पाच-सहाशे. हातात सव्वादोन लिटर येते. दुसऱ्या खेपेला आधीचे अर्धा लिटर बाजूला काढून तेच वापरायचे, मग खर्च उरतो गूळ-मनुक्यांचा, लिटरला वीस-पंचवीस रुपये. यीस्टचे थोडे पाणी फ्रिजमध्ये राखून त्याला अधूनमधून गूळ देत राहिलात तर दहा-पंधरा. भाव दुकानागणिक थोडे बदलतील.

लोणची टिकवायला मात्र हे व्हिनेगर न तपासता वापरू नका. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के आम्ल असावे असा नियम आहे. टिकवणीला चार-पाच टक्के हवे. पीएच पट्टी ही तीव्रता सांगत नाही. ओळखीच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांकडून प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाच मिलिलिटर व्हिनेगरला एक नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे जितके मिलिलिटर लागतात, त्याला १.२ ने गुणले की टक्केवारी मिळते. कोशिंबीर, चटणी किंवा मटण मुरवायला ही तपासणी नसली तरी चालेल.

महिन्यातून एकदा चायनीजवर चमचाभर शिंपडणाऱ्या घराने ही खटपट करू नये, शंभराची बाटली वर्षभर पुरते. पण महागडे आंबवलेले व्हिनेगर नेमाने आणणाऱ्या घराचा पहिला खर्च दुसऱ्या खेपेआधीच वसूल होतो.