उन्हाळ्यात गीझरचा व्हॉल्व्ह का तपासायचा?

व्हिडिओत सेफ्टी व्हॉल्व्ह हातात धरून दाखवला, पण तो नेमकं काय करतो ते सांगायचं राहिलं. ग्राहक तुम्हाला तेच विचारणार, म्हणून इथे लिहितो.

बीबीएला आम्हाला सीझनल डिमांडचा ग्राफ शिकवला होता. ग्राफ खाली गेल्यावर दुकानात बसून काय करायचं, ते मात्र नाही. थंडीत गीझरवाल्यांना जेवायला वेळ नसतो, एप्रिल-मे मध्ये मुलं मोकळी. सर्व्हिसिंगची खरी वेळ हीच. गीझर दिवसभर बंद ठेवला तरी घरात कोणी ओरडत नाही.

आता व्हॉल्व्ह. स्टोरेज गीझरला थंड पाणी जिथून आत जातं, तिथे तो बसवलेला असतो. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं, तर साधारण ४०० मिलीने वाढतं. व्हॉल्व्ह ते मागे जाऊ देत नाही. प्रेशर वाढलं की छोट्या तोंडातून थेंब थेंब बाहेर सोडतो. म्हणजे गीझर तापताना थोडं ठिबकणं हा बिघाड नाही, ते त्याचं कामच आहे.

हे मला नुकसान सोसून कळलं. दुकानाच्या दुसऱ्या वर्षी एक काकू रोज फोन करायच्या, "दादा, बाथरूममध्ये सारखं टपटप होतंय." वैतागून मी मुलाला पाठवलं, त्याने त्या तोंडावर प्लग मारला. काकू खूश, मीही खूश. त्याच हिवाळ्यात टाकी जोडावर फुटली. नशीब, आत कोणी अंघोळ करत नव्हतं. नवा गीझर मी खिशातून दिला. ते तोंड कधीही, कोणीही सांगितलं तरी बंद करायचं नाही.

काम असं करा. एमसीबी बंद करा आणि पाणी पूर्ण गार होऊ द्या. व्हॉल्व्हची दांडी उचला: पाणी यायला हवं, सोडली की थांबायला हवं. बोअरच्या पाण्याच्या भागात क्षार साचून दांडी घट्ट बसते. जोर लावू नका, व्हॉल्व्ह बदला. नवा तेवढ्याच बारचा घ्या, साधा एनआरव्ही लावून भागवू नका. गीझर गार असतानाही ठिबकत असेल, तर सीटमध्ये कचरा आहे किंवा लाईनचं प्रेशर जास्त आहे. प्रेशर पंप आहे का, ते विचारा. टाकी रिकामी करताना गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा, म्हणजे आत हवा जाते. परत भरताना त्याच नळाला सलग धार आल्याशिवाय स्वीच लावू नका, नाहीतर एलिमेंट जळेल.

ग्राहक शोधायला जाहिरात नको, थंडीतली बिलबुकं काढा आणि फोन लावा. मी सर्व्हिसचे ३५० घेतो, व्हॉल्व्हचे वेगळे. बदललेला जुना व्हॉल्व्ह मी ग्राहकाच्या हातात देतो. आतला पांढरा थर बघितला की बिलावर घासाघीस होत नाही. निघताना गीझरवर तारखेचा स्टिकर लावा आणि तीच तारीख आपल्या वहीतही लिहा.