आधी जेवू दे ना!

आपल्या घराघरांतली मुलं 'नीट'च्या तयारीत आहेत. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकलं की १ वजा. म्हणजे पाठांतराबरोबर शांत डोकंही हवं. ते रात्री दोनपर्यंत जागून मिळत नाही. वाचलेलं पक्कं व्हायला झोपच लागते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, अति झोपणाऱ्याला योग साधत नाही, अति जागणाऱ्यालाही नाही. आपण मुलांना पहिलं तेवढं ऐकवतो, "किती झोपतोस!" दुसरं विसरतो.

आम्हीही विसरलो होतो. लेक क्लासहून आली की दारातच विचारायचो, "टेस्टमध्ये किती?" एकदा ती म्हणाली, "आई, आधी जेवू दे ना!" आम्ही दोघंही गप्प झालो.

या आठवड्याचा अभ्यास आपल्यासाठी, मुलांसाठी नाही:
१. मूल घरी आल्यावर मार्क विचारायचे नाहीत.
२. एक वेळ सोबत बसून जेवायचं.
३. अकराला घरातले सगळे दिवे आणि मोबाइल बंद, आपलाही.

मूल गप्प राहू लागलं, जेवण तुटलं, तर "नाटकं करतंय" म्हणू नका. सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. फोन करायला लाजू नका.

डॉक्टर व्हायचंय ते दुसऱ्यांना बरं करायला. आधी आपलं लेकरू बरं राहू दे.