जिथं वाळतं, तिथं वस्ती

शेवाळ, माती आणि झाडांच्या साली मायक्रोस्कोपखाली बघण्याचा नाद मला जुना आहे. त्यातही जीव जडला तो टार्डिग्रेडवर. आठ आखूड पाय, पायांना नख्या, लांबी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आत. १७७३ साली जर्मन धर्मोपदेशक योहान गोएझे यांनी त्याला पाण्यातलं अस्वल म्हटलं, आणि त्याची चाल बघितली की ते पटतं. तो कुठं राहतो, कुठं राहत नाही, हे शोधताना जे हाती लागलं ते असं.

१. ओलावा बघू नका, वाळणं बघा. बारा महिने पाणी झिरपणाऱ्या गटाराकाठचं शेवाळ डोळ्यांना सुखावतं. पण टार्डिग्रेड मला जास्त मिळाले ते पावसाळ्यात भिजणाऱ्या आणि दिवाळीनंतर कुरकुरीत होणाऱ्या शेवाळात. कौलांवर, जांभ्याच्या गडग्यावर, जुन्या विहिरीच्या कठड्यावर. हालचाल करायची तर त्याला अंगाभोवती पाण्याचा पातळ थर लागतो. तो आटू लागला की पाय आत ओढून, अंग आक्रसून तो जगण्याचा सगळा व्यवहार जवळजवळ थांबवतो. पुन्हा पाऊस पडला की चालू लागतो. कोरडेपणा ज्यांना सोसत नाही असे शत्रू आणि वाटेकरी अशा जागी टिकत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा.

२. शेवाळाची गादी जाड हवी. आक्रसायला वेळ लागतो, झटक्यात वाळलं तर तो मरतो. दाट, उंच गादी सावकाश वाळते, म्हणून भिंतीवरचा पातळ हिरवा थर मी सहसा सोडून देतो. उन्हातल्या शेवाळात एकिनिस्कस हा टार्डिग्रेड मात्र भेटू शकतो. पाठीवर चिलखती पट्ट्या, रंग लालसर नारिंगी. तो दिसला की बाकीचं काम बाजूला राहतं.

३. रिकामा नमुना म्हणजे रिकामी भिंत नव्हे. एका गादीत दाटी, वीतभर अंतरावरच्या दुसऱ्या गादीत एकही नाही, हे नेहमीचंच. एकाच भिंतीवरचे निदान चार-पाच चिमूटभर नमुने वेगवेगळे तपासा.

४. मातीत राज्य सूत्रकृमींचं. एका चौरस मीटरमध्ये ते लाखोंनी असतात. कणांमधल्या फटी अरुंद, त्यामुळे तिथल्या बऱ्याच टार्डिग्रेडांचे पाय आणि नख्या लहान झालेल्या असतात. झाडाखालचा न हलवलेला पालापाचोळा आधी बघा.

५. साल खडबडीत हवी. आंब्याच्या जुन्या खोडावर भेगा असतात, त्यांत शेवाळ धरतं, दगडफूल धरतं. हो, गोड्या मसाल्यातलंच. पेरूसारखं झाड सालीचे पापुद्रे टाकत राहतं, मग वस्ती जमणार कशी? रहदारीच्या रस्त्याकडेची झाडं बघून मला वाईट वाटतं. दूषित हवा दगडफुलाच्या जातभाईंना फार लवकर मारते आणि त्यांच्या आसऱ्यानं राहणारेही जातात.

६. खाणारा सापडला की जागा भरलेली समजा. मिल्नेसियम हा शिकारी टार्डिग्रेड रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव आणि सूत्रकृमी गिळतो. त्याचं शरीर पारदर्शक. एकदा त्याच्या आतड्यात रोटिफरचे कठीण जबडे ओळीनं पडलेले दिसले, बाकीचं सगळं पचून गेलेलं. तेव्हापासून मी प्रत्येक मिल्नेसियमचं पोट आधी बघतो. त्या गादीत राहणाऱ्यांची हजेरी तिथं मिळते. मादी कात टाकताना त्या कातीतच अंडी ठेवते, तीही निरखून बघा.

७. नमुना कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं शेवाळ कुजतं आणि आतले जीव गुदमरतात. पाकिटावर तारीख, झाड किंवा दगड, जमिनीपासूनची उंची, ऊन कुठल्या बाजूनं येतं एवढं लिहा. घरी आल्यावर पसरट बशीत पावसाच्या पाण्यात शेवाळ उपडं घालून रात्रभर ठेवा, सकाळी पिळा आणि तळाचा गाळ काळ्या पार्श्वभूमीवर बाजूनं उजेड टाकून वीस ते चाळीस पट मोठा करून बघा.

८. नखाएवढंच घ्या. वायर ब्रशनं कंपाउंड खरवडण्याची जी घाई दर मे महिन्यात सुरू होते, ती तर अजिबात करू नका. सुकून तपकिरी झालेली ती गादी मेलेली नसते, आणि तिच्या आतले जीवही जूनची वाट बघत असतात.